वीसच्या आकड्यावरचं कुंकू

बुऱ्हाणपूरचे वकील वामनराव दाणी यांनी आपल्या मोटारीला मोठे टायर बसवायचं ठरवलं ते दोन बैलांवरच्या रागातून. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाने बैलांवर राग धरावा हे बरं दिसत नाही, पण त्या बैलांनीही जरा विचार करायला हवा होता. त्यांनी वामनरावांना भर रस्त्यात, पंचवीस-तीस माणसांच्या देखत, मोटारीसकट ओढून बाहेर काढलं होतं.

झालं होतं असं. सन १९३४चा उन्हाळा. शाहपूरच्या रस्त्यावर केळीच्या गाड्यांनी पावसाळ्यात पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाने वाळून टणक झाल्या होत्या. वामनरावांची मोटार त्या चाकोरीत उतरली आणि मधल्या उंचवट्यावर पोट टेकून बसली. चाकं गरगर फिरत होती, इंजिन ओरडत होतं, आणि मोटार मात्र जागची हलत नव्हती. तेवढ्यात मागून कौतिक पाटलांची दमणी आली. दमणी म्हणजे माणसं बसवून न्यायची हलकी बैलगाडी. तिला जुंपलेली पाटलांची पांढरी जोडी जत्रेतल्या शर्यती मारायची. पाटील खाली उतरले आणि मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले,

"काय वो वकीलसाहेब, इंजान तर चालू हाये. मंग गाडी काहून बसेल हाये?"

"रस्ता खराब आहे," वामनराव म्हणाले.

"रस्ता तं माह्या बैलांलेबी हाच हाये."

वकिलांनी दोर मागितला. (कोर्टात अशा वेळी ते तारीख मागत.) दोर बांधला, बैलांनी एक हिसका दिला आणि मोटार सुटली. दुसऱ्या दिवशी कोर्टात विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी मोठ्या काळजीने विचारलं, "दाणीसाहेब, आज बैल कुठे बांधलेत?" न्यायाधीशसुद्धा रुमाल तोंडाला लावून खोकले. त्याच संध्याकाळी वामनरावांनी मनाशी ठरवलं की मोटार उंच करायची, इतकी उंच की पुन्हा आयुष्यात बैलाचं तोंड बघायला नको.

खंडव्याला एक बससर्व्हिस नुकतीच बंद पडली होती. तिच्या एका लॉरीची चाकं, टायरांसकट, वामनरावांच्या मोटारीला बसत होती. जुनं चाक अठ्ठावीस इंच उंच, नवं चांगलं पस्तीस. मडगार्ड ठोकून वर उचलावे लागले आणि पत्नी लीलाबाईंना आत चढायला पाट ठेवावा लागू लागला, पण मोटार आता कुठल्याही चाकोरीवरून ऐटीत जाऊ लागली. वामनराव खूश झाले. या खुशीत एक बारीकशी गोष्ट ते विसरले. खरं तर विसरले नाहीत. तिसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आली आणि त्यांनी ती कुणाला सांगितली नाही.

ती गोष्ट म्हणजे स्पीडोमीटर. बिचारा मीटर चाकाचे फेरे मोजतो आणि त्यावरून काट्याला वेग सांगतो. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात जास्त रस्ता कापू लागलं, पण मीटरला हे कुणी कळवलं नव्हतं. तो आपला जुन्याच चाकाच्या हिशेबाने काटा हलवत होता. काटा वीस म्हणे तेव्हा मोटार वीसच्या बरीच पुढे असे. पूर्वी पुलापर्यंत ईर्षेने पाठलाग करणारे टांगेवाले आता पाठलागाच्या भानगडीत पडत नाहीत, यावरून वामनरावांनी ते ओळखलं होतं.

आणि वीस हा आकडा साधासुधा नव्हता. त्याला कुंकू लावलेलं होतं.

विलायतेला परत निघालेल्या एका इंजिनियर साहेबाकडून वामनरावांनी मोटार घेतली, तेव्हा लीलाबाईंनी एकच अट घातली होती. त्यांचे वडील रेल्वेत गार्ड. ताशी वीस मैलांच्या आत चालणारी गाडी रुळावरून घसरलेली आपण पाहिली नाही, हे त्यांचं म्हणणं ऐकतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. दसऱ्याला मोटारीची पूजा करताना लीलाबाईंनी हळद-कुंकवाचं बोट बॉनेटला लावलं, चाकांना लावलं, मग आत बसून मीटरच्या काचेवर, बरोबर वीसच्या आकड्यावर, मेणाचा ठिपका दिला आणि त्यावर पिंजर टेकवून ठसठशीत कुंकू काढलं. "तापीमाईची शपथ घ्या," त्या म्हणाल्या, "याच्या पलीकडे जायचं नाही. ज्या दिवशी जाल त्या दिवशी मोटार विकायची." वामनरावांनी शपथ घेतली. तेव्हापासून लीलाबाई मागच्या सीटवर मधोमध बसत. तिथून रस्ता दिसत नसे, पण काटा छान दिसे.

तेव्हा आता वामनरावांचं म्हणणं असं की काटा कुंकवाच्या आत आहे, शपथ काट्याबद्दल आहे, बाकी चाकांचं चाकांनी पाहावं. वकील माणूस स्वतःशी बोलतानाही कलम सोडत नाही. तरी मोटार जोरात निघाली, वारा कानात शिरला की त्यांना थोडं चोरट्यासारखं वाटे आणि खूप बरं वाटे.

असे पंधरा दिवस गेले आणि अधिक महिना लागला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे वाण द्यायचे असतात. कोर्टाच्या कामामुळे जावयाला भुसावळला जाणं जमेना, म्हणून सासरेच अनारशांचा डबा घेऊन बुऱ्हाणपूरला आले. सुधाकरपंत, म्हणजे लीलाबाईंचे अप्पा, बत्तीस वर्षं गार्ड राहून रिटायर झालेले. बत्तीस वर्षांत त्यांची एकही गाडी चुकली नव्हती, आणि हे ते दिवसातून दोनदा सांगत. खिशात कांद्याएवढं घड्याळ. जेवायला बसले की ते पानाशेजारी ठेवत. "वरण सात मिनिटं लेट आहे," असं म्हणून ते भाताला हात घालत.

अशा माणसाला मोटारीतून फिरवून आणावं ही बुद्धी वामनरावांना झाली. अप्पा पुढे बसले, लीलाबाई मागे मधोमध. मोटार असीरगढच्या रस्त्याला लागली. काटा कुंकवाला अगदी टेकून, पण आत. लीलाबाई समाधानी. वामनराव शीळ घालायच्या बेतात. अप्पांनी घड्याळ काढून हातात धरलं, इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मैलाचे दगड मोजल्याशिवाय त्यांना प्रवास केल्यासारखं वाटत नसे. तिसरा दगड गेला. मग चौथा आला, एका निंबाच्या झाडाखाली, तांबडाभडक.

"हे बरं केलंय," अप्पा म्हणाले. "दगडाला तांबडा रंग दिला. लांबून दिसतो." मग घड्याळाकडे बघत म्हणाले, "जावईबापू, काटा काय म्हणतो?"

"वीस. म्हणजे वीसच्या आत."

"घड्याळ चाळीस म्हणतंय."

"काय?"

"मैलाला दीड मिनिट. ताशी चाळीस. आमची मेल या वेगाने सिग्नल ओलांडील तर ड्रायव्हरची चौकशी लागेल."

मागच्या सीटवरून अशी किंकाळी आली की वामनरावांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. लीलाबाई खाली उतरल्या. (पाटाशिवाय. उडीच मारली.) पाचव्या दगडापर्यंत जाऊन आणखी एकदा मोजावं असं अप्पांच्या मनात होतं, पण लेकीने ऐकलं नाही. परत येताना ती मोटार माणसाच्या चालीने आली.

घरी ओसरीवर खटला उभा राहिला.

"चाळीस!" लीलाबाई म्हणाल्या. "तापीमाईची शपथ घेऊन चाळीस! उद्याच्या उद्या मोटार विका."

"पण शपथ काट्याची होती. काटा कुंकवाच्या पलीकडे गेला का? तूच साक्षीदार आहेस."

"मला कायदा शिकवू नका. तुम्हाला ठाऊक होतं की नाही, एवढंच सांगा."

वामनराव म्हणाले, "मोठ्या टायरांनी थोडासा फरक..." आणि थांबले. पक्षकार असं अर्धं वाक्य बोलला की खटला बुडतो, हे ते स्वतः पक्षकारांना नेहमी सांगत. चाळीस हा आकडा मात्र त्यांनाही पटत नव्हता. चाक पाव हिश्शाने वाढलं, वेग दुप्पट कसा होईल? पण अप्पांच्या घड्याळाला खोटं म्हणायची छाती कुणाची? आणि जास्त खोलात जावं तर आपल्याला किती ठाऊक होतं तेही बाहेर आलं असतं.

शेवटी अप्पांनीच तोड काढली. "सिग्नल बिघडला म्हणून कोणी गाडी विकत नाही. सिग्नल दुरुस्त करतात. मी बुधवारी जाणार. तोवर काटा खरा करा. नाही झाला तर मात्र लीला म्हणते तसं."

"त्यात काय अवघड आहे?" वामनराव उत्साहाने म्हणाले. "काटा निम्माच दाखवतो ना? मग वीसवरचं कुंकू पुसायचं आणि दहावर..."



"काय पुसायचं?" लीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

वामनरावांना आपण काय बोललो ते कळलं. "म्हणजे तसं नव्हे... ते राहू दे. दहावर दुसरं एक लावू."

"एका घरात दोन कुंकवं? दुसरं कुणाच्या नावाचं?"

अप्पांनी घड्याळात बघितलं, जणू या मुक्कामाहून पुढे गाडी सुटायची वेळ झाली होती. तेव्हा कुंकू जागचं हलणार नाही, मीटरलाच त्याच्या इभ्रतीला जागावं लागेल, असं ठरलं.

मग चौकातल्या कडू घड्याळवाल्याला घरी बोलावलं. कडूने असलं यंत्र पूर्वी पाहिलं नव्हतं, पण तसं सांगायची त्याला सवय नव्हती. "बिलकुल फिकर नका करू, वकीलसाहेब. घड्याळाचाच भाऊ हाये हा. आतली कमान ढिली करून देतो, काटा दुप्पट पळंल." अडचण काच काढायची होती. लीलाबाईंनी चौरंग मांडला, त्यावर कोरं वस्त्र आणि चिमूटभर अक्षता. कडूने श्वास रोखून काच उचलली आणि चौरंगावर ठेवली. दुरुस्ती चालली तेवढा वेळ काचेपुढे निरांजन तेवत होतं आणि पलीकडे मोटारीच्या पोटात डोकं खुपसून कडू शिंकत होता. वामनरावांना कुणी काही विचारत नव्हतं. घरातले पुरुष बाळंतपणाच्या वेळी जसे उगाच अंगणात फिरतात, तसे ते फिरत होते.

काच जिथल्या तिथे बसली. मंगळवारी अप्पा कडूला घेऊन, काट्यावरच डोळे लावून बसलेल्या वामनरावांना मोटार चालवायला लावून त्याच रस्त्यावर, त्याच तिसऱ्या आणि चौथ्या दगडाच्या मध्ये तीन फेऱ्या करून आले. काटा कुंकवावर आणि घड्याळात बरोबर तीन मिनिटं. "राइट टाइम!" अप्पा म्हणाले. मोटार वाचली. वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची त्या मोटारीवर खरोखर माया होती.

ही माया बुधवारी जरा आटली. अप्पांची गाडी संध्याकाळी पाच चाळीसची, स्टेशन गावाबाहेर लालबागेला. त्याआधी असीरगढला महादेवाचं दर्शन घेऊन परस्पर स्टेशनवर जाऊ असं ठरलं होतं. जाताना सगळं ठीक वाटलं, कारण घाई नव्हती. परत येताना वामनरावांना काहीतरी चुकतंय असं वाटू लागलं. काटा कुंकवाला टेकलेला आणि मोटार रांगते आहे. आधी एक पोस्टमन सायकलवरून पुढे गेला. पुढे जाताना त्याने नमस्कारही केला.

"अप्पा, ही वीसची चाल वाटते का तुम्हाला?"

"मोठ्या चाकांवर उंच बसलं की वेग कमी वाटतो," अप्पा म्हणाले. काल एकदा 'राइट टाइम' म्हटल्यावर दगड पुन्हा मोजायचे नाहीत, ही त्यांची शिस्त, पण घड्याळ आता खिशात जात नव्हतं.

"थोडा जोर लावू?"

"कुंकू!" मागून आवाज आला.

तेवढ्यात घुंगरांचा आवाज झाला आणि कौतिक पाटलांची दमणी मोटारीच्या शेजारी आली. पांढरी जोडी, शिंगं रंगवलेली. पाटलांनी मोटारीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वकीलसाहेब, आज इंजान बंद हाये का?"

"चालू आहे!" वामनराव ओरडले.

"असं असं," म्हणून पाटील पुढे निघून गेले. वामनरावांनी डोळे मिटून घेतले. मोठे टायर, खंडव्याची फेरी, अठ्ठावीसचे पस्तीस इंच, सगळं याचसाठी केलं होतं का, असं त्यांच्या मनात आलं. पण मोटार चालवताना डोळे फार वेळ मिटून चालत नाही.

थोड्या अंतरावर दमणी थांबलेली दिसली. निंबाच्या झाडाखाली पाटील पागोटं काढून त्या तांबड्या दगडापुढे हात जोडून उभे होते. नारळ फुटलेला होता, उदबत्ती धुरत होती. वामनरावांनी मोटार थांबवली.

"पाटील, मैलाच्या दगडाला नारळ?"

"मैलाचा असंल पयले. आता मैलोबा हाये. नवसाले पावतो."

अप्पांनी घड्याळावरून नजर उचलली. "आता म्हणजे? हा दगड इथलाच ना?"

"न्हाई न्हाई. तो तिकडं वर व्हता, नाल्यापाशी. दोन सालामागं पुरात आडवा झाला. देवाले उन्हात काहून ठेवाव? म्हून माह्याच बैलांनी वढून इथं सावलीले आनला. शेंदूर लावला. त्या सालापासून केळी पाहा कशी पिकते!"

वामनरावांच्या अंगात वीज संचारली. ते मोटारीतून खाली उतरले, कोटाची बटणं लावली आणि पाटलांसमोर उभे राहिले. असा साक्षीदार त्यांना अख्ख्या वकिलीत मिळाला नव्हता.

"पाटील, नीट आठवून सांगा. नाला इथून किती लांब?"

"तीन शेतं."

"शेतं नकोत. फर्लांग सांगा."

"तीन फर्लांग असंल."

"अंदाजाने सांगता की मोजलं होतं?"

"सायबाच्या मान्सानं साखळी टाकेल व्हती मागं. तीन फर्लांगच."

"म्हणजे तिसऱ्या दगडापासून हा दगड एक मैल नाही! आठ फर्लांगांतून तीन गेले, उरले पाच! बरोबर?"

"तुम्ही म्हंता तं बरोबर."

आणखी सात-आठ प्रश्न गरज नसताना विचारून, दगडाची पाठ, पोट आणि त्यावर शेंदराखाली दिसणारा चारचा आकडा सगळ्यांना दाखवून वामनराव विजयी मुद्रेने मोटारीकडे वळले. "ऐकलंत अप्पा? तुमचं घड्याळ खरं, पण मैल खोटा! मी चाळीसने चाललोच नव्हतो! लीला, ऐकलंस? माझी निर्दोष मुक्तता!"

अप्पांनी ओठ हलवत हिशेब केला. प्रामाणिक माणूस. "बरोबर आहे. पाच फर्लांग, दीड मिनिट. चाळीस नव्हते."

"नव्हतेच!"

"पंचवीस होते."

वामनरावांचा हात हवेत होता, तो तिथेच राहिला.

"पंचवीस," मागच्या सीटवरून लीलाबाई म्हणाल्या. "वीसच्या आत का बाहेर?"

 साक्षीदार वामनरावांचा, पुरावा वामनरावांचा, आणि शिक्षाही त्यांनाच. लीलाबाईंचा आवाज मात्र रागाचा नव्हता, आणि त्यामुळे जास्त लागला. "चाळीस ऐकून मला वाटलं होतं, यंत्राचीच काहीतरी चूक असेल. पंचवीस म्हणजे तुमचीच. तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं," वामनराव म्हणाले. पहिल्यांदाच ते पूर्ण वाक्य बोलले होते, आणि ते एका शब्दाचं होतं.

लीलाबाईंनी काचेवरच्या कुंकवाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "विकू नका. पण काट्याला आता पुन्हा हात लावायचा नाही. कडूने बसवलाय तसाच राहू दे."

"अगं, पण तो चुकीचा आहे! कुंकवावर काटा असताना मोटार साडेबारा मैलांनी चालते!"

"चुकला आहे, पण बायकोच्या बाजूने चुकला आहे. राहू दे."

"लीला," अप्पा हलक्या आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "पाच अठ्ठावीस झाले."

बारा मिनिटं आणि तीन मैल. वामनरावांनी आशेने बायकोकडे पाहिलं. एकदा, फक्त एकदाच, कुंकू ओलांडायची परवानगी मिळाली असती तर आठ मिनिटांत स्टेशन होतं. लीलाबाईंनी वडिलांकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, मग मान वळवून हाक मारली,

"पाटीलभाऊ, आमच्या अप्पांना स्टेशनवर सोडाल का?"

"हे काय विचारनं झालं! बसा गार्डसाहेब. घट्ट धरा बरं."

बत्तीस वर्षांत गाडी न चुकलेले सुधाकरपंत एका हातात अनारशांचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात घड्याळ घेऊन दमणीत चढले. पाटलांनी बैलांच्या शेपटीला नुसता हात लावला. धुळीचा एक लोट उठला आणि क्षणात रस्ता मोकळा झाला. वामनराव मागून निघाले, काटा कुंकवाला टेकून, पण आत.

ते स्टेशनवर पोचले तेव्हा फलाटावर एक हमाल झाडत होता. दमणी बाहेर एका निंबाखाली उभी होती आणि बैल निवांत कडबा खात होते. वामनरावांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. बैलांनी मात्र बघितलं.

तीन दिवसांनी भुसावळहून कार्ड आलं. अप्पांचं अक्षर नेहमीसारखं सरळ, रुळासारखं.

"चि. लीलास अनेक आशीर्वाद. पाच एकोणचाळीसला स्टेशनात पोचलो, गाडी मिळाली. पाटलांच्या बैलांना माझ्या नावाने गूळ घालावा. जावईबापूंची मोटार स्टेशनात पोचली असल्यास उलट टपाली कळवावे."